मोजणीत न धरलेली खोली

...आणि वर म्हणतो कसा, "लव्हली रूम, मेट." अरे, लव्हली तर लव्हली, मग मोज ना! नाही मोजणार. म्हणजे बघा, पलंग आहे, खिडकी आहे, भिंतीला एसी आहे, आत एक जिवंत बाई सात-आठ महिने राहतेय, तिच्या चपला दाराशी, तिचा टॉवेल खुर्चीवर, आणि हा मास्कच्या वरून डोळे मिचकावत सांगतो की ही जागा घरात धरता येत नाही. आता बोला.

थांबा, नीट सांगते. बाई म्हणजे आमची सुखदा. इथे परदेशात, वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, घर दोन स्टेशनं पलीकडे, पेंडल हिलला. उतारावरचा प्लॉट, त्यामुळे मागच्या अंगाला घराच्या पोटात एक तळघर. वीस सालच्या फेब्रुवारीत सासरे आले पुण्याहून, शिवरामपंत, तीन महिन्यांसाठी म्हणून, आणि मार्चात विमानंच बंद. पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेला माणूस, खुर्ची सुटली पण इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. नवरा दत्तप्रसाद, आयटीतला, वर्क फ्रॉम होम, म्हणजे लॅपटॉप उघडा आणि आपण फ्रीजपाशी. एक बाप रिकामा, एक मुलगा रिकामा, खाली तळघर रिकामं, आणि सगळी दुनिया बंद करून सरकारने हार्डवेअरची दुकानं तेवढी उघडी ठेवलेली... कुणाचं डोकं म्हणायचं हे?

आता सुखदाचं बघा. दिवसभर कोविडचे नमुने तपासून घरी यायचं, सासऱ्यांना डायबिटीस, तिच्या जिवाला घोर. ती म्हणाली, "मी खालीच राहते. बरी आहे की खोली. रंग मारा, पलंग टाका, झालं." झालं? आपल्या माणसांचं कधी नुसता रंग मारून झालंय? शिवरामपंतांनी कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि म्हणाले, "दत्ता, सीलिंग फार बोडकं दिसतंय रे." संपलं! कोथरूडच्या फ्लॅटला पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे ना, मग इथे नको? कडेने लपवलेले लाईट नकोत? मधोमध ते केकसारखं गोल नको? आणि जमीन? जुन्या फरशीवरच नवी फरशी, कारण "उखडायची कशाला, मी ठोकून बघितलीय." म्हणजे छत आलं खाली, जमीन गेली वर, आणि मध्ये जे उरलं ते सूनबाईंचं.

तिने सांगितलं होतं हो. "बाबा, आधीच बुटकी आहे खोली, अजून खाली नका आणू." तर हे म्हणतात, "तू रक्त तपास. छताचं आम्हाला कळतं." कळतं म्हणे!

झाली खोली. बटण दाबलं की निळी, परत दाबलं की गुलाबी, बाई दमूनभागून येणार आणि लग्नाच्या हॉलमध्ये झोपणार. जेवण जिन्याच्या पायरीवर ठेवायचं आणि वरून खाकरायचं. बरं, तिने तक्रार केली का? एका शब्दाने नाही.

मग नोव्हेंबरात तिला एक घर दिसलं. वेस्टमीडलाच, हॉस्पिटलपासून चालत. मागे लिंबाचं झाड, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. ट्रेन नको, की कार पार्कमध्ये जागा शोधत घिरट्या घालायला नकोत. मला फोनवर सांगताना आवाज असा झाला होता तिचा, लग्न ठरल्यावरसुद्धा नव्हता. पण ते घ्यायचं तर हे विकायचं, आणि तळघर चौथी बेडरूम म्हणून धरलं तरच जमणार, नाहीतर विसरा. म्हणून तो बँकेचा माणूस आला किंमत ठरवायला. क्रेग.

क्रेगने खिशातून ते लेझरचं काढलं, जमिनीवर ठेवलं, टिक. आकडा बघितला. परत टिक. "सॉरी मेट. टू लो." इथे म्हणे राहायच्या खोलीचं छत ठराविक उंचीचं लागतं, त्याच्या खाली असलं की ती कोठी. सामान ठेवा, सायकल ठेवा, माणूस नाही. अहो पण माणूस राहतोय! राहू दे, पण राहण्याजोगी नाही. आता बोला.

शिवरामपंत पुढे झाले. उंची पाच फूट तीन. बरोब्बर मधोमध उभे राहिले, डोक्यावर तळहात धरला, "आस्क हिम, दत्ता, इज माय हेड टचिंग?" क्रेग म्हणाला, "नो, सर." "देन?" मग दत्तप्रसाद सुरू. आमच्या पुण्यात सुपर बिल्टअप असतं, मेट. जिना धरतात, लिफ्ट धरतात, वॉचमनची केबिन धरतात. क्रेग विचारतो, "यू कॅन लिव्ह इन द लिफ्ट?" "नो, नो, पण धरतात." घ्या! तिकडे जिथे राहता येत नाही ते मोजतात, इकडे जिथे राहतात ते मोजत नाहीत, आणि दोन्हीकडे कायदा करणारे शहाणेच.

मग क्रेगने पेनाने छत ठोकलं. ढब ढब. "व्हॉट्स अप देअर?" दत्तप्रसाद म्हणाला, "नथिंग. एअर." "हाऊ मच एअर?" तर चांगली फूटभर हवा! क्रेग हसला. "टेक दॅट डाऊन, मेट, अँड यू'व्ह गॉट अ बेडरूम."

इतका वेळ दारात उभी असलेली सुखदा म्हणाली, "मग काढा." एवढंच.

शिवरामपंत "काढा की, म्हाताऱ्याच्या कामाचं काय एवढं," असं म्हणून वर गेले आणि रात्री जेवले नाहीत. झालं, श्रावणबाळाचा ऊर भरून आला. "अगं, या वयात मान वर करून केलंय त्यांनी. ते परत गेले की काढू." आणि ते जाणार कधी? तिकीट काढलं, रद्द. परत काढलं, परत रद्द. बापाचं मन मोडवत नाही, बायकोचं चालतं! तेवढ्यात ते लिंबाच्या झाडाचं घर गेलं. दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

सुखदा भांडली नाही. मी म्हटलं, भांड गं बाई, मी येते भांडायला. नाही. पुढे केसेस कमी झाल्या, दत्तप्रसाद म्हणाला, "आता वर राहायला ये." आली नाही. रविवारी सकाळी हा जिन्यात उभा, "सुखदा, चहा टाकतेस ना? बाबा कधीचे विचारतायत."

तर खालून शांतपणे म्हणाली, "मी घरात नाहीये."

हा म्हणतो, "अगं, मग बोलतेय कोण?"

"क्रेगला विचार. ही जागा घरात धरत नाहीत."

आता बोला.