पांढऱ्या कापडावरचे धागे

डोळ्यांच्या दवाखान्यात पुढचा नंबर आमचा होता. लेक मांडीवर झोपली होती. शेजारच्या बाकावर शिवणाचा व्यवसाय करणाऱ्या एक बाई आणि त्यांची नणंद.

“वहिनी, डोळ्यांपुढे काळे धागे तर तुला कित्येक वर्षं दिसतात. डॉक्टरच म्हणाले होते ना, घाबरू नका?”

“ते दोन-चार होते गं, ओळखीचे. परवा पांढरा सदरा शिवताना एकदम थवाच उठला. वाटलं, कापडालाच कचरा लागलाय. झटकत बसले.”

“धन्य आहेस! मग?”

“मग नजरेच्या कडेला लखलखायला लागलं. मशीनचा दिवा बिघडला म्हणून नवा बसवला.”

“आणि आम्हाला सांगायचं नाही!”

“घर डोक्यावर घेतलं असतंस.”

“आताही घेणार आहे. उजवा डोळा झाक. मी दिसतेय?”

“दिसतेयस की.”

“पूर्ण?”

बाईंनी मान वरखाली करून पाहिली.

“वहिनी?”

“तोंड दिसतंय. खाली काळा पडदा आहे. सकाळी एवढा वर नव्हता गं.”

मी लेकीला खांद्यावर घेतलं आणि सिस्टरना हाक मारली, “आमच्या आधी यांना घ्या.”

सिस्टरनी दोनच प्रश्न विचारले आणि ‘लगेच आत चला’ म्हणाल्या.

“एवढी घाई आहे का हो?” बाई म्हणाल्या.

“डोळ्याचा आतला पडदा सुटत असेल तर आत्ताच बघायला हवं,” सिस्टर म्हणाल्या. आणि त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं.