हापशावाल्याची बुलेट

माझं नाव किशन. गाव नायगावच्या अलीकडं, कच्च्या रस्त्यानं दोन कोस आत, आन गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, वीस-बावीस घरं, समदे बौद्ध. काय सांगू तुमाला, लोकं मला इचारतात, किशनराव, तुमी एवढ्या मोठ्या गाडीच्या नादाला कसे लागले, तर ते सांगायचं म्हणलं की पाण्यापासून सांगावं लागतं, आन पाण्यापासून सांगायचं म्हणलं की माझ्या बापापासून.

बा लई कमी बोलायचा. आमच्या आज्याकडं गावची मेलेली ढोरं वढायचं काम व्हतं, वढायचं आन कातडं सोलायचं, बा बी ल्हानपणापासून त्याच्या हाताखाली, हिरीवरची कातडी मोट फाटली तर टाका घालायचा, हात लई बारीक व्हता म्हणे त्याचा. मग छप्पनला धर्म बदलला तवा वस्तीनं ठरवलं, इथून पुढं मेल्या ढोराला हात लावायचा न्हाई. बानं घरातली कातडं कापायची रापी, शिवायची आरी समदं नेऊन नाल्यात फेकलं. मी तवा झोळीत व्हतो, हे मायनं सांगितलेलं.

पुढं त्यो मोठा दुष्काळ पडला. मी सोळा-सतराचा आसंन. ढोरं दावणीलाच मरून राहिली, गावाला वास सुटला. गावातले चार जण वस्तीत आले, म्हणले, एवढं साल तेवढं वढा, पुढच्या साली नका वढू. बा म्हणला, न्हाई. तेवढंच म्हणला. दुसऱ्या दिवसापासून हिरीवर गावातली माणसं आमच्या घागरीत वरून पाणी वतायची ते बंद झालं. माय नाल्यातल्या वाळूत झिरा उकरायची आन वाटीवाटीनं घागर भरायची, सकाळी बसली की दुपार व्हायची. मी खडी फोडायला जायचो. त्याच साली सरकारची बोअर पाडायची मशीन आली, एक बोअर गावात घेतला, एक आमच्या वस्तीत. हापसा बसला, माय दांडीला लटकली, पाणी आलं, आन माय तिथंच खाली बसली ती उठंच ना, पाणी आपलं वाहून राहिलं. मी पाण्याकडं न्हाई बगितलं, मी हापसा बसवणाऱ्या मिस्त्रीकडं बगितलं. पान्याचं ग्रीस पुसून पेटीत ठेवत व्हता. म्हणलं, आपल्याला हेच करायचं.

नांदेडला फिटरचं शिकलो. लगीन झालं, कमल तिचं नाव, देगलूरकडची. तिला तेलुगू बी यायचं, मला चिडवायचं आसलं की तेलुगूत बोलायची. आन मग लातूर नवा जिल्हा झाला, तिथं माणसं पायजे व्हती, तर मला हापसा दुरुस्तीवर घेतलं. नवा जिल्हा म्हणजे काय, पाटी नवी, टेबलं जुनी, आन माणसं समदी कुठून कुठून आलेली, कोण कोणाला वळखीना. मला एक पत्र्याची खोली. तवर माय गेली व्हती, बा एकटा, म्हणून कमल गावाकडं त्याच्याजवळ. मी शनवारी जायचो, सोमवारी पहाटं निघायचो. बाकीचे दिवस हातानं भाकर करायची, एकट्यानं खायची. कधी कधी दिवसभरात हापशाशिवाय कशाचा आवाज कानावर पडायचा न्हाई.

हापिसात जीप एक, ती साहेबाकडं. मला एक ल्हानी मोटरसायकल दिली. तिच्यावर पान्याची पेटी, चैन, वायसरं, आन औसा, निलंगा, उदगीर, जिकडं हापसा बंद तिकडं किशन. ल्हान्या गाडीला वाईट म्हणत न्हाई मी, गावात फिरायला ती चांगली. पण वजन लादलं की ती मागून बसती आन पुढून उचलती, ट्रक जवळून गेला की वाऱ्यानंच बाजूला जाती. उदगीरच्या रस्त्याला खडीवर मी तसाच आडवा झालो. अंगात मलमलचं शर्ट, पायात चप्पल. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं निघालं, तळहाताला खडी रुतली. एका हातानं गाडी ढकलत उदगीरात आलो तर पहिलं दुकान खानसाबचं.

खानसाब मिलिटरीतून आलेले, म्हातारे, गाड्या दुरुस्त करायचे. त्यांनी आधी चिमट्यानं एक एक खडा काढला, मग गाडीकडं बगितलं. म्हणले, किशन मियाँ, लंबा जाते ना तुम, फिर बडी गाडी लेव, और बदन पे चमडा डालो. तुम्हारा चमडा एकीच है, दूसरा किधर से लाते? त्यांची सोताची बुलेट व्हती, त्यांच्या मांड्या आता धरत नव्हत्या, ती मला इकत दिली, आन तिच्यासंगं त्यांचा कातडी कोट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आन हेल्मेट. म्हणले, हे न्हाई घेतलं तर गाडी बी मिळणार न्हाई.

त्या गाडीचं काय सांगू तुमाला. ती पळत न्हाई, ती चालती. रस्त्यावर बसून ऱ्हाती. सत्तर-ऐंशी मैल गेलं तरी कंबर मोडत न्हाई, पाठ ताठ, हात ढिले, पेटी मागं बांधलेली हाय का न्हाई ते कळत बी न्हाई. आन तिचा आवाज, माणूस एकटा आसला की त्यो आवाज सोबतीला पुरतो. मी तिच्याशी बोलायचो, खोटं कशाला सांगू.

हेल्मेटला लोकं हसायचे, डोक्यात मडकं घातलं म्हणायचे. पण एक गंमत व्हती, गंमत म्हणावं का काय ते तुमी ठरवा. गावात शिरलो की हेल्मेट, कोट, बूट बगून लोकं म्हणायचे, साहेब आले, खाट टाका, तांब्याभर पाणी आणा. हेल्मेट काढलं, नाव गाव इचारलं, कुठल्या वस्तीतले इचारलं, की तांब्या आत जायचा आन पाणी जरमनच्या चेपलेल्या वाटीत यायचं. निलंग्याकडच्या एका गावात तर बाई तांब्या घेऊन दारापर्यंत आली आन तिथूनच माघारी वळली. आन मी त्यांचाच हापसा चालू करायला आलेलो. हापसा चालू करायचो, पहिलं पाणी आलं की तिथंच वंजळीनं प्यायचो आन निघायचो. कंदी कंदी वाटायचं, हेल्मेट काढूच नये. उन्हाळ्यात आत घामानं भिजायचो, तरी काढायला नको वाटायचं.

पहिल्या शनवारी त्यो कोट घालून गावाकडं गेलो. बा वट्यावर बसलेला. त्यानं वास घेतला, नुसता वास घेतला आन वळखलं. म्हणला, ढोराचं हाय ना? म्हणलं, हाव. म्हणला, ते सोडायला आमी गावासंगं वैर घेतलं, तुझ्या मायनं वाटीवाटीनं पाणी भरलं, आन तू तेच इकत आणून अंगावर घेतलंस. म्या म्हणलं, बा, तुमाला ते करायला लावलं म्हणून तुमी सोडलं, मी माझ्या मर्जीनं घालून राहिलो, माझा जीव वाचावा म्हणून. बा उठून आत गेला. तवापासून चार वर्षं माझ्याशी बोलला न्हाई. जेवायला बसलं की माझ्याकडं पाठ. कमल मधी बसायची, त्याचं मला सांगायची, माझं त्याला. मी मग वस्तीच्या भाईर बाभळीखाली कोट काढून ठेवायचो आन शर्टावर घरी जायचो, तरी त्यो बोलला न्हाई. शनवार बी हळूहळू कमी झाले.

मग परत एक कोरडं साल आलं. हापसे तळाला लागले, गावोगाव टँकर चालू. निलंग्याच्या रस्त्याला एका उतारावर पुढून टँकर आला, त्याच्या पुढं म्हस आली, तिला चुकवताना त्यानं गाडी माझ्या अंगावर घातली. मी खाली पडलो आन खडीवरून घसरत गेलो, घसरतच गेलो, थांबंच ना. डोकं मैलाच्या दगडाला लागलं, हेल्मेटला ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत भेग. पाय दोन जागी मोडला. पण कोपरं, पाठ, हात समदं शाबूत. कोटाची पाठ उभी फाटली, माझी न्हाई फाटली. टँकरवाल्यानंच उचलून दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी एस्टीनं कमल आली, आन तिच्या मागं बा. दारात उभा राहिला. माझ्या पायाकडं बगितलं, मग खाटंखाली त्यो कोट पडला व्हता, त्यो उचलला. फाटलेल्या जागी बोट घालून बगितलं, बोट आरपार गेलं. मग कोट घेऊन भाईर गेला. कमल म्हणली, आता फेकून देतेत जणू. दुपार झाली तरी येईना, म्हणून ती बगायला गेली आन लगीच परत आली, डोळे पुसत. म्हणली, फाटकाजवळ चांभार बसतो, त्याची आरी मागून घेतली आन मामंजी कोट शिवून राहिले.

तीस वर्षं ज्यानं कातड्याला हात लावला न्हाई, त्यो. टाके आसे बारीक की मशीननं बी पडणार न्हाईत. कोट खाटंवर ठेवला, नळावर जाऊन लई येळ हात धुतले, आन मग माझ्याशी बोलला. म्हणला, माझ्यासमोर घालू नको. रस्त्यावर घालीत जा.

त्यानंतर बा दोन वर्षं जगला. तेवढी दोन वर्षं आमी बोललो.

म्या नोकरी पुरी केली, रिटायर झालो, लातूरातच दोन खोल्या बांधल्या, लेक पुण्याला हाय, फोन करती. पण एक सांगायचं राहिलं. एवढी वर्षं त्या गाडीवर मागं कोणाला बसवलं न्हाई. कमल म्हणायची, मला बी फिरवा की एकदा. मी म्हणायचो, हेल्मेट एकच हाय, तुला बिगर हेल्मेटाचं बसवणार न्हाई. ते खरंच व्हतं, पण फुटलेल्याच्या जागी नवं घेतलं तरी तिच्यासाठी बी एक घ्यावं हे रिटायर होईपर्यंत सुचलं न्हाई. मग घेतलं. तिला कोट, मोजे, बूट समदं घेतलं, लुगड्यावर कोट घालून ती आरशात बगून हसत बसली. तिची तब्येत तवाच बरी नव्हती. किनवटचं जंगल बगायचं व्हतं तिला, तर गेलो, सावकाश, मुक्काम करत करत. मागं बसून ती काहीतरी बोलायची, वाऱ्यात आन दोन हेल्मेटांत मला नुसतं हूं हूं ऐकू यायचं. थांबलो की इचारायचो, काय म्हणत व्हतीस? ती म्हणायची, काई न्हाई, चला. तेलुगूत बोलत व्हती का मराठीत, ते बी कळलं न्हाई. त्याच साली पावसाळ्याच्या शेवटी ती गेली.

आता गाडी मी रोज चालू करतो, थोडा येळ तशीच ठेवतो, बंद करतो. पाय किक मारतो अजून. तुमी बी मोटरसायकलीवर आलाव, अंगावर समदं हाय, बगून बरं वाटलं. मागं कोणी बसत आसंल तर त्याला बी कोट-हेल्मेट घ्या, आन ते बोलायला लागलं की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आन नीट ऐका. जावा आता, ऊन उतरलंय. सुखी ऱ्हावा.