आठ काळे स्क्रीन

शिरगावच्या दवाखान्यात, लसीच्या रांगेत, झोपलेल्या बाळाला थोपटणाऱ्या अस्मिताच्या मागे दोघी बहिणी बोलत होत्या.

“मायाताई, आज तुझ्या कॉम्प्युटर क्लासचं उद्घाटन, आणि आठही स्क्रीन काळे?”

“काळे होते. लिनक्स अपडेट केलं, तर स्क्रीनवर चित्र आणणारा, ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर प्रोग्रॅम चालेना.”

“मग कंपनीला सांगायचं.”

“सांगितलं. थांबा म्हणाले. आतला कोड कुणाला दाखवत नाहीत, मग दुरुस्त कोण करणार?”

“उल्हासनगरचा दुकानदार तर म्हणाला, कंपनी का माल ही लेना.”

“म्हणू दे. मी खुला ड्रायव्हर टाकला, ज्याचा कोड कुणालाही बघता येतो तो. त्यातली चूक शोधून बनवणाऱ्यांना कळवली. काल त्यांनी दुरुस्त केली. आठही लागले. शिवाय त्या दुरुस्तीखाली लिहिलंय, ‘चूक कळवणारी: माया, बदलापूर पूर्व’.”

“पूर्वसुद्धा?”

उत्तर ऐकायला अस्मिताचं थोपटणं थांबलं.

“सवयीने पत्ता टाकला गं. आता जगभर राहू दे पूर्वच.”