जयवंतभाऊंचा नंबर

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस दुसऱ्यासाठी राबतो, आणि राबता राबता स्वतःच्या देहाकडे ढुंकून बघत नाही — याला सेवा म्हणायचं का? थांबा! माना डोलवायची घाई नको. आधी ऐका.

अमळनेरला जयवंत भावसार म्हणून एक गृहस्थ. अकाउंटंट! मोठ्या कंपन्यांचे नव्हेत हो — किराणा, पिठाची गिरणी, चपलांचं दुकान, मंडपवाले, अशा लहान धंद्यांचे हिशेब लिहायचे, जीएसटीची रिटर्न भरायची. माणूस सज्जन. इतका सज्जन, की तेच त्यांना भोवलं!

झालं काय, रिटर्न भरताना दुकानदाराच्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो टाकल्याशिवाय रिटर्न जात नाही. आता दर वेळी 'शेठ, ओटीपी सांगा' म्हणत कशाला त्रास द्यायचा? म्हणून भाऊंनी सगळ्या दुकानांच्या नावापुढे स्वतःचाच नंबर टाकून दिला! शेठ लोक खूश. "भाऊ आहेत ना!" आणि भाऊही आतून खूश, बरं का. आपल्यावाचून पेठेचं पान हलत नाही — कोणाला आवडत नाही हो? तुम्हाला नाही आवडत?

पण नंबर भाऊंचा, म्हणजे आजारी पडायची सोय नाही. लग्नाला गेले तरी पंगतीत फोन. दर महिन्याची वीस तारीख ही रिटर्नची शेवटची; ती आली की जेवणाचं ताट तसंच गार होतंय. त्यात मधुमेह! आणि एक दिवस आकडे टाकताना तीन आहे की आठ, तेच कळेना. डाव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "भाऊ, आत रक्त झिरपतंय. ऑपरेशन लगेच करू. मग काही दिवस कॉम्प्युटर बंद."

"करू की! वीस तारीख होऊन जाऊ द्या."

रंजनावहिनी शेजारीच उभ्या. म्हणाल्या, "अहो, वीस तारीख काय एकदाच येते?"

भाऊ हसले. वीस गेली, दुसरी वीस आली. डाव्या डोळ्यात अंधार दाटत चालला, आणि भाऊ मान तिरकी करून उजव्या डोळ्यानं आकडे बघताहेत! याला काय म्हणायचं, सांगा!

मग उजव्यापुढेही एक धागा तरंगला. हा गेला तर संपलंच! ऐन दुपारी उठले आणि पेठेतल्या राममंदिरात गेले. मागणं काय? 'रामा, एवढी वीस तारीख निभावून ने.' बघा माणूस! डोळा नाही मागितला, तारीख मागितली!

जाऊन बघतात, तर गाभाऱ्याला पडदा.

पुजारीकाका म्हणाले, "देव जेवून विश्रांती घेताहेत. चारला या."

"काका, एक मिनिट! फार तातडीचं आहे."

"इथे येणाऱ्या प्रत्येकाचं तातडीचंच असतं, भाऊ. बसा तिकडे सावलीत."

काका गेले हातपाय धुवायला. भाऊ बसले खांबाला टेकून. मनात राग. मग हळूहळू विचार आला — अरे, अख्ख्या जगाचा भार ज्याच्यावर, त्याच्यासाठी रोज दुपारी पडदा लागतो! जग काय बुडालं? आणि मी कोण रे टिकोजीराव? सेवा सेवा म्हणतोय, पण हा तर माझा तोरा! सगळ्यांचं अडलं पाहिजे माझ्यापाशी!

मंडळी, चार वाजायची वाट भाऊंनी बघितली नाही. तिथूनच सुटले! आधी किराणावाले कन्हैयाशेठ. "शेठ, आजपासून तुमच्या दुकानाला तुमचा नंबर."

"अहो, मला काय कळतंय त्यातलं!"

"सहा आकडे वाचता येतात ना? बस झालं."

कोणी कुरकुरलं, कोणी रुसलं. पण नंबर बदलले. धरणगावच्या एका ओळखीच्या बाईंकडे काम सोपवलं — त्याही अकाउंटंटच — आणि भाऊ दवाखान्यात दाखल.

उजवा डोळा वाचला. डाव्याचं जे गेलं होतं, ते गेलंच. परत आलं नाही.

आणि वीस तारीख येऊन गेली! भाऊ डोळ्यावर पट्टी बांधून पडलेले. "रंजना, फोन आला का गं कोणाचा?"

"नाही."

"बंद पडला असेल."

"चालू आहे. चपलेवाल्यांना उशीर झाला म्हणे, दंड भरून मोकळे झाले."

भाऊंनी उशापाशी चाचपडून फोन बाजूला सारला. म्हणाले, "माझ्यावाचून भागतं गं सगळ्यांचं."

वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला. "भागणारच. माझं भागेल का, ते एकदा तरी विचारलंत?"

मंडळी, वहिनींचा हा प्रश्न तुम्हालाही आहे. उत्तर देता येतंय? 'हे एवढं उरकलं की डॉक्टरकडे जातो' म्हणणारे समोर किती बसलेत? हात वर करू नका! तुमच्या शेजारच्यांना माहीत आहे — त्या बघा, माउली कोपरानं ढोसताहेत! हसू नका हो. देह देवानं दिलाय, आणि तो वाट बघणाऱ्या माणसांचाही आहे. घरी गेलात की डॉक्टरची चिठ्ठी कुठल्या कप्प्यात कोंबली आहे, ती शोधा, आणि उद्या सकाळी आधी तिकडे जा. मृदंग वाजू द्या! म्हणा — रामकृष्णहरी!