कौसल्याबाईंचे ढगळ झंपर

मंडळी, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा आणि मला एवढं सांगा, माणसाला सोडायला सगळ्यात जड काय जातं?

कोण म्हणालं तंबाखू? खांबाच्या मागून आवाज आला. तोंडात आहे म्हणून जरा बोबडा आला! नाही हो, तंबाखू सुटते. साखर सुटते. घरदार सोडून मठात गेलेली माणसं मी पाहिलीत. सगळं सोडलं बिचाऱ्यांनी, पण मठातली पंख्याखालची जागा सोडेनात. तेव्हा जड काय जातं, ते मी सांगत नाही. ते कौसल्याबाई सांगतील. आख्यान त्यांचं आहे, आपण नुसतं ऐकायचं.

फलटणला बाजारापासून जरा आत एक गल्ली. गल्लीत शेंड्यांचं घर, घराला रस्त्याकडे ओटा, आणि ओट्यावर कौसल्याबाई. मालक देवाघरी जाऊन बराच काळ झालेला. मुलगा एस.टी.त कंडक्टर, म्हणजे सगळ्या तालुक्याला दिसणार, घरच्यांना सोडून. राहिल्या घरात दोघी. कौसल्याबाई आणि सून रेवती.

कौसल्याबाईंचा देह म्हणजे भरदार! हळदीकुंकवाला गेल्या की सतरंजीवर दोघींची जागा आपोआप मोकळी व्हायची. झंपर शिवायला टाकला की शिंपी म्हणायचा, "काकी, आणखी एक पीस आणा." झंपर म्हणजे ब्लाउज हो, मागच्या पोरी एकमेकींकडे बघतायत म्हणून सांगतो.

आणि हा देह त्यांना आवडायचा, बरं का! लग्नात बाई काडी होत्या. माहेरी खाणारी तोंडं जास्त, भाकरी कमी. सासरी आल्यावर हळूहळू अंग भरलं, तेव्हा आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. आपल्याकडे लेकीच्या दंडात बांगडी रुतली की आई निवांत झोपते. सुखात आहे म्हणते. म्हणजे कौसल्याबाईंच्या अंगावर जे चढलं होतं ती नुसती चरबी नव्हती, तो सासरचा मान होता.

पण गुडघ्यांना मानाचं काय? गुडघे बोलायला लागले. मग साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर ओट्यावरून खाली उतरायला माणूस लागेल." झालं! रेवतीनं पदर खोचला. चहातली साखर बंद, भात वाटीभर, ज्वारीची भाकरी, आणि सकाळी देवळापर्यंत चालायचं. स्वतः बरोबर जायची. सासू दर चार पावलांना थांबणार, ही पण थांबणार.

कौसल्याबाई रुसल्या. साखरेवाचून माणूस जगतो मंडळी, पण तक्रारीवाचून? ओट्यावर बसायच्या आणि शेजारच्या यमुनाबाईंना सांगायच्या, "चतकोर भाकरी देती, अन् वर विचारती, पोट भरलं का?" यमुनाबाई हातावर हात मारायच्या. "अगं बाई! ह्या वयात ही वेळ!" असं रोज चालायचं. रेवती आत भाकरी थापत असायची, आणि ओट्यावरचं सगळं आत ऐकू जायचं.

वर्ष गेलं. वजन उतरलं. चांगलं उतरलं! गुडघे गप्प झाले, साखर ताळ्यावर आली, आणि बाई ओटा उतरायला हात धरेनात. रेवतीला वाटलं, जिंकले.

जिंकली कुठली! देह उतरला, पण झंपर तेच. खांदा घसरतोय, पाठीला सेफ्टी पिन, बाही अशी लोंबतेय की तिच्यात आणखी एक हात मावावा. रेवती म्हणायची, "आत्या, नवे शिवू या की. पेटीत ओटीतले पीस पडलेत." आता ओटीतल्या पीसचं तुम्हाला ठाऊकच आहे. तो शिवायचा नसतो, फिरवायचा असतो! ह्या ओटीतून त्या ओटीत. एखादा तर सगळं गाव फिरून आपल्याच पेटीत परत येतो, आणि आपण म्हणतो, रंग ओळखीचा वाटतोय.

कौसल्याबाई म्हणायच्या, "राहू दे गं. पुन्हा अंग धरलं तर?"

ही भीती खरी होती. खोटं कशाला बोला? दुपारी रेवती पडली की त्या कपाट उघडायच्या. हा रुंद गळ्याचा, मंगळागौरीचा. हा स्वेटर, ह्याची बटणं शेवटी शेवटी लागतच नव्हती. आणि हा मोरपंखी, मुलाच्या लग्नातला. विहिणीनं दंडाला हात लावून म्हटलं होतं, "काय घोटीव काम आहे हो!" जरीकामाला म्हणाली होती, पण कौसल्याबाईंनी ते दंडाला लावून घेतलं. तो झंपर अंगाशी धरून आरशासमोर उभ्या राहायच्या. त्या झंपरातल्या जाड बाईची त्यांना लाज वाटायची, आणि आठवणही यायची. लाज वाटायची कारण तिला दारातून तिरकं होऊन जावं लागायचं. आठवण यायची कारण ती आत आली की लोक सरकून जागा द्यायचे. आता कोण सरकतं?

गंमत बघा. आम्ही कीर्तनकार गळा काढून सांगतो की जुनं वस्त्र टाकावं तसा जीव देह टाकतो. इथं उलटंच झालं! बाईंनी देह टाकला, वस्त्र टाकवेना. पेटीवाले, हसू नका, तुमचा कोट कधीचा आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

पण भीती आणि आठवण, हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं बाई स्वतःलाही सांगत नव्हत्या. तो ढगळ झंपर घालून ओट्यावर बसल्या की जाणारायेणारा थांबायचा. "काकी, काय हो ही दशा! किती वाळलात!" आपल्याकडे कुणी बारीक झालं की छान दिसता म्हणत नाहीत, काय दुखतंय विचारतात. मग बाई उसासा टाकायच्या, एक डोळा आतल्या दाराकडे करायच्या, आणि पुढचं सगळं लोक आपापल्या परीनं समजून घ्यायचे. कुणी लाडू आणायचं, कुणी डोक्यावरून हात फिरवायचं. पूर्वी धडधाकट होत्या तेव्हा कुणी ढुंकून विचारत नव्हतं. चहातली साखर गेली होती ना? ती अशी परत आली. नव्या बेताच्या झंपरात ही हळहळ कुठून मिळणार?

आता ऐका पुढं काय झालं ते.

रेवतीला धाकटी बहीण, मुक्ता. माहेर नातेपुत्याला. मुक्ताला लोणंदचं स्थळ आलं. मुलगा चांगला, पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडली. राहिली काय? चौकशी! मुलगी कशी निघेल हे बघायचं तर थोरली सासरी कशी नांदते ते बघतात. मुलाची मावशी कुणाला न सांगता फलटणला आली. बाजाराची पिशवी हातात, ऊन लागल्यासारखं करून ओट्याशी थांबली.

"काकी, पाणी मिळंल का घोटभर?"

रेवती घरात नव्हती. गिरणीत गेली होती, सासूचीच ज्वारी दळायला. कौसल्याबाईंनी उठून पाणी आणून दिलं. पाहुणीनं पाणी प्यायलं, बाईंच्या खांद्यावरून घसरलेल्या झंपराकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "लईच वाळलाय हो तुम्ही. घरात करायला कुणी न्हाई का?"

आली का संधी? बाईंच्या तोंडून सवयीनं उसासा गेला. "सून हाय की. चतकोर भाकरी देती. तिची सत्ता, आपण खायाचं अन् गप ऱ्हायाचं."

एवढंच! दुसरं काही नाही. शिवी नाही, शाप नाही. पाहुणीनं पदरानं तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि लोणंदची एस.टी. धरली.

चार दिवसांनी नातेपुत्याला निरोप गेला. पत्रिका जुळत नाही. अहो, आधी जुळली होती! पण मध्यस्थानं खरं ते सांगून टाकलं. लोक म्हणतायत, थोरलीनं सासूचा पार सापळा केलाय, सासू स्वतःच सांगते, धाकटी आमच्या घरी तेच करणार.

रेवतीला आईचा फोन आला. ती स्वयंपाकघरात उभी होती. कौसल्याबाई पाण्याचा तांब्या घ्यायला दाराशी आल्या आणि तिथंच थांबल्या. आत रेवती म्हणत होती, "नाही गं आई. आत्या लोणंदच्या मावशीला असं कशाला बोलतील? त्यांचा स्वभावच नाही तसा. दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं असंल. तू रडू नको. मुक्ताला फोन दे."

मंडळी, कौसल्याबाई तांब्या न घेताच मागं फिरल्या. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. हिनं तर बाजू घेतली! आता काय करायचं? बाई पलंगावर बसल्या आणि पाहुणीची पिशवी, तो घोटभर पाण्याचा पेला, सगळं डोळ्यांपुढं आलं. पहिल्यांदाच अंगावरच्या झंपराची त्यांना खरी किळस आली. जाड बाईची नाही हो, ह्या वाळक्या बाईची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत हाळी आली. "जुन्या कपड्यावर भांडीऽऽ!" बोहारीण. बाईंनी तिला ओट्यावर बसवलं आणि कपाट उघडून रिकामं केलं. झंपर, परकर, स्वेटर, गाऊन. ढीग बघून यमुनाबाई आल्या, समोरच्या आल्या. बोहारणीसमोर बायका जमल्या नाहीत असं कधी झालंय?

बोहारीण एकेक झंपर उन्हाकडे धरून भोकं बघायला लागली. इकडून फिरव, तिकडून फिरव. मग तिचा चेहरा एकदम उतरला. "लई मोठं माणूस व्हतं म्हणायचं, माय. सासू का थोरली जाऊ? कधी गेल्या?"

यमुनाबाईंना हसू फुटलं, त्यांनी पदर तोंडात धरला. एवढे कपडे एकदम निघतात ते माणूस गेल्यावरच. बोहारणीचं काय चुकलं?

कौसल्याबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गेल्या बाई. चांगल्या होत्या. अंगानं मोठ्या अन् मनानं पण. फुडं बारीक झाल्या, अन् खोटं बोलाय लागल्या."

यमुनाबाईंचा पदर तोंडातून निघाला.

"सून उपाशी ठेवती म्हणायच्या. ठेवत नव्हती. सुनेनं मोजून खायला घातलं म्हणून पायावर चालाय लागल्या, अन् त्याच पायांनी ओट्यावर येऊन तिचं नाव घालवलं. यमुनाबाई, तुम्ही ऐकलंय सगळं. आता हे पण ऐका."

बोहारणीला काय कळणार? ती समजूत घालत म्हणाली, "जाऊ द्या माय. शेवटाला माणूस बडबडतंच. मनावर घिऊ नका." आणि एक पातेलं पुढं सरकवलं. कौसल्याबाईंनी ते उचललं. घासाघीस केली नाही! बोहारीण इतकी घाबरली की तिनं सगळे झंपर पुन्हा उन्हाकडे धरून बघितले.

मोरपंखी मात्र बाईंच्या मांडीवर राहिला होता. बोहारीण बघत होती. बाईंनी जरीवरून एकदा बोट फिरवलं, आणि तोही ढिगावर टाकला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

शिंप्याकडून बेताचा झंपर आला. ओटीतल्याच पीसचा! तो घालून बाई रेवतीला म्हणाल्या, "देवळात जाऊन येते," आणि गेल्या लोणंदला. एकट्या! विचारत विचारत मावशीचं घर काढलं. मावशीनं दार उघडलं, ओळखलंच नाही. नीटनेटकी, ताठ उभी बाई, चार पायऱ्या चढून आलेली.

"कोण तुम्ही?"

"ओट्यावर पाणी दिलं होतं, ती मी." आणि बाईंनी सगळं सांगितलं. आपण काय बोललो, का बोललो, आणि खरं काय होतं. काही झाकलं नाही.

मावशी ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, तुम्ही आलात हे मोठं झालं. पण परवाच सुपारी फुटली आमची, दुसरीकडं."

गप्प का झालात? तुम्हाला वाटलं, आता स्थळ परत येणार! बाईंनाही वाटलं होतं. कपडे ओट्यावर टाकले की बोहारीण उचलून नेते. बोललेलं उचलायला कोण येतं? मावशीनं चहा पुढं केला. बाई म्हणाल्या, "बिनसाखरेचा चालंल. माझी सून आलं ठेचून करती, साखर आठवत नाही."

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा रेवती भाकऱ्या करत होती. बाई चुलीसमोर पाटावर बसल्या. "रेवती, लोणंदच्या बाईला सांगणारी मीच होते."

रेवतीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मला माहीत होतं, आत्या."

"मग आईला तसं का सांगितलंस?"

"आई नातेपुत्याची. आपल्या घरातलं तिला कशाला सांगायचं?"

भाकरी फुगली. रेवतीनं ती मोडली, आणि रोजच्यासारखी चतकोर ताटात वाढली. त्या दिवशी बाईंनी ती खाल्ली, आणि ओट्यावर गेल्या नाहीत.

मुक्ताचं लग्न जमलं का? जमलं हो! पुढच्या साली, बारामतीला. ते लोकही चौकशीला आले, ओट्याशी थांबले. एकजण म्हणाला, "काकी, लई वाळलात." बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला, देवळापर्यंत चालत जाऊ, वाटेत सांगते कुणी वाळवलं." आणि त्या पुढं, पाहुणे मागं, धापा टाकत!

तर मंडळी, मी विचारलं होतं, सोडायला जड काय जातं. साखर नाही, कपडे नाहीत. लोकांच्या तोंडचं "बिचारी" जड जातं. दिवाळीला कपाट आवराल, बोहारीण बोलवाल, पातेलं घ्याल. घ्या! पण त्याआधी आपल्या ओट्यावर एकदा बसून बघा. आपण उसासा टाकतो तेव्हा एक डोळा कुणाच्या दाराकडे असतो? सुनेच्या? मुलाच्या? भावाच्या? ते माणूस आत आहे. त्याला सगळं ऐकू जातंय, आणि त्याच्या हातात तुमचीच भाकरी आहे.

आता टाळ उचला आणि नाम घ्या. मोठ्यानं घ्या, आतपर्यंत जाऊ द्या.