भिंतीवरचा वेताळ

माझे सगळेच मुखवटे तुम्हाला आवडतात, पण या लाकडी वेताळाची ऐट वेगळी आहे बरं का! नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास मी अंबडला नोकरीला होतो, तेव्हा पेठ तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तो मला दिला. त्यांच्या घरात नाचणारं कोणी उरलं नव्हतं. मी कौतुकानं हॉलमध्ये टांगला. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांच्या गावचे दोघे दारात हजर.

"साहेब, बोहाडा हाय. वेताळ न्यायला आलोय."

बोहाडा म्हणजे मुखवटे घालून देवा-राक्षसांची सोंगं नाचवायचा त्यांचा उत्सव. मी वेताळ काढला, पुसला आणि त्यांच्या हातात दिला. तरी दोघे जागचे हलेनात.

"आता काय राहिलं?"

"तुमी. सोंग ज्याच्या घरात, नाचायचा मान त्याचा. चला, खाली जीप थांबलीय."

नाचलो की! संबळ वाजला आणि पाय आपोआप पडायला लागले. बाबा समोरच बसले होते. माझ्यावरची नजर त्यांनी हटवली नाही.

तेव्हापासून दर बोहाड्याला हा खिळा रिकामा असतो. कुणी पाहुण्यानं "वेताळ कुठंय?" विचारलं, की आमची ही ताठ मानेनं सांगते, "दोघंही नाचायला गेलेत."