हवेपेक्षा जड

नाही हो लताबाई, हिला पाजायला नाही आले — वर ट्रेनिंग चालूच आहे, मीच मधून उठले. पण सानूला जमिनीवर कशाला निजवलंत? टेबलावर नाही का — पडेल, हो, पडेल, खरंय तुमचं. तुमच्या या पाळणाघराच्या तळघराला खिडकी नाही, हे मला आठवडाभर दिसलंच नाही, आणि म्हणे एमएस्सी केमिस्ट्री!

हसू नका. आमचे शोएब सर आहेत ना, त्यांनी आत्ता काचेच्या पेटीत उतरत्या पायऱ्यांवर मेणबत्त्या लावल्या आणि वरून भांडं ओतलं — रिकामं भांडं! सगळ्यात खालची आधी विझली, मग तिच्या वरची. कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड, ना रंग ना वास. कारखान्यांच्या धुरातून हाच पकडायचा, थोडा सोडावॉटरला वगैरे वापरायचा, उरलेला खोल जमिनीत कोंडायचा — तेच शिकतोय आम्ही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या — आणि एकदम आठवलं, वर्गाच्या बरोब्बर खाली कोण झोपलंय. एवढ्याशाने काही होत नाही, माहितीये मला. परीक्षेत तसंच लिहीन, मार्कही मिळतील.

चांदवडला आमच्याकडे विहिरीत उतरायच्या आधी दोराला कंदील बांधून सोडायचे — तुमच्याकडेही? जळत राहिला तरच माणूस उतरायचा. त्या दिवशी विझला. आजोबा म्हणाले, काच तडकलीय, वारा लागला असेल. बाबा उतरले. विहिरीच्या तळाला वारा कुठला, लताबाई? दोर आईच्या हातात, मी आईच्या पोटात. आई म्हणते, ओरडले नाहीत, धडपडले नाहीत. झोप आल्यासारखे नुसते खाली बसले — हे मी अश्विनलासुद्धा नाही सांगितलं. नवरा आहे तो माझा. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे.

सर म्हणतात, आपल्या काळ्या दगडात हा वायू मुरतो, हळूहळू त्याचाच दगड होतो, वर येत नाही. तशा दगडाचा तुकडासुद्धा फिरवला वर्गात, त्या वायूचीच झालेली पांढरी रेघ होती त्यात, सगळ्यांनी बोट फिरवून पाहिलं. माझ्याच्याने हात लाववला नाही. विचारणार होते, नक्की ना सर? नक्की खालीच राहील ना? पण असलं काही विचारायचं म्हणजे —

किती वेळ झाला ही झोपून? कूस तरी बदलली का मधे? थांबा, तुम्ही बोलू नका, मला ऐकू येत नाहीये — सानू? ए सानू, ए बाळा, इकडे बघ —

हं. उघडले डोळे. बघतेय.

माहितीये हो, झोपलेल्या पोराला कुणी उठवत नाही! आता मी काही वर जात नाही. सरांना सांगा, मनालीचं डोकं दुखतंय — काहीही सांगा. नको, तिला घेऊ नका, गप्प करू नका. रडू दे. चांगली मोठ्याने रडू दे. तुम्ही जा.